रुची आणि बुद्धी : दोन देणग्या, एक अमानत

दहावीचा निकाल लागला की परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पूर्णा अशा गावांतील घराघरांत एकच चर्चा सुरू होते. टक्के किती पडले आणि आता पुढे काय? ज्याला नव्वद टक्के पडले, त्याची लातूर किंवा नांदेडच्या शिकवणी वर्गात रवानगी ठरते. ज्याला पंचावन्न पडले, त्याच्याविषयी 'हा डोक्याने कच्चा आहे, याला कुठेतरी कामाला लावू' असा निवाडा होतो. मुलगी असेल, तर काही घरांत पुढचा प्रश्नच विचारला जात नाही. हे सारे निर्णय आईवडील मुलांच्या प्रेमापोटीच घेतात, याविषयी शंका नाही. परंतु अल्लाहने या लेकराच्या अंतःकरणात कशाची ओढ ठेवली आहे आणि त्याच्या बुद्धीला कोणते काम पेलते, ही विचारणा या सर्व चर्चेत बहुधा होत नाही.

प्रिय वाचकहो! शिक्षण केवळ बुद्धीने होत नाही आणि केवळ आवडीनेही होत नाही. बुद्धी ही क्षमता आहे, तर रुची त्या क्षमतेला कामाला लावणारी ओढ आहे. दोन्ही अल्लाहच्या देणग्या आहेत. संतती ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे, म्हणून तिच्या ठायी असलेल्या या दोन्ही देणग्या ओळखणे व वाढविणे हा त्या अमानतीचाच भाग ठरतो. या लेखात आपण प्रथम कुरआन व हदीसचे मार्गदर्शन पाहू, नंतर शिक्षणशास्त्राचे निष्कर्ष समजून घेऊ आणि शेवटी आपल्या घरात काय करता येईल याचा विचार करू.

कुरआनचे मार्गदर्शन

सूरह नहलमध्ये अल्लाह मानवाला त्याच्या आरंभाची आठवण करून देतो. माणूस मातेच्या उदरातून बाहेर आला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हते. मग त्याला कान, डोळे आणि हृदय देण्यात आले, ते कृतज्ञ व्हावे म्हणून. या आयतीचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्ञान जन्मतः मिळत नाही, ज्ञान मिळविण्याची साधने मिळतात. त्या साधनांत ऐकणे व पाहणे यांच्याबरोबर हृदयही आहे. समजणे हे जसे हृदयाचे काम, तसेच ओढ लागणे हेही हृदयाचेच काम होय.

सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे की प्रत्येक जण आपापल्या घडणीनुसार वागतो. सूरह लैलमध्ये मानवांचे प्रयत्न नाना प्रकारचे असल्याचे म्हटले आहे. सूरह बकराच्या अखेरीस हा महान नियम आला आहे की अल्लाह कोणाही जीवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही. ज्या पालनकर्त्याने सर्वांना निर्माण केले, त्यानेच सर्वांना एका साच्यात घडविले नाही. मग आपण आपल्या चार लेकरांना एकाच मापाने का मोजावे?

या संदर्भात सूरह अबसाचा प्रसंग शिक्षणाशी संबंधित प्रत्येकाने मनात कोरून ठेवावा असा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांना सत्याचे आवाहन करीत असताना ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) हे दृष्टिहीन सहाबी काही शिकण्याच्या तळमळीने तेथे आले. त्या वेळी सरदारांकडे लक्ष राहिले आणि अल्लाहने आयती अवतरित करून मार्गदर्शन केले की जो स्वतः धावत, मनात भय बाळगून आला, तो लक्ष देण्यास अधिक पात्र आहे. सरदारांकडे प्रतिष्ठा होती, वाक्चातुर्य होते, जगाच्या दृष्टीने बुद्धीही होती. परंतु ते बेपर्वा होते. येणाऱ्याकडे डोळे नव्हते, पण तळमळ होती. अल्लाहच्या तराजूत ती तळमळ भारी ठरली. आज वर्गात आणि घरात आपले लक्ष कोणाकडे जाते, हे या प्रसंगाच्या प्रकाशात तपासून पाहावे.

बुद्धी आणि रुची यांचे नाते

आता हे दोन घटक एकमेकांशी कसे जोडलेले असतात, ते पाहू. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. पहिली प्रवाही बुद्धी. नवे कोडे सोडविणे, संबंध ओळखणे, विचारांची चपळता हे तिचे काम. दुसरी संचित बुद्धी. वर्षानुवर्षे शिकून साठलेले शब्द, माहिती व कौशल्य म्हणजे ही बुद्धी. कॅटेल यांच्या मते पहिली बुद्धी ज्या क्षेत्रात गुंतविली जाते, त्या क्षेत्रात दुसरी तयार होते. व्यापाऱ्याजवळ भांडवल आहे, पण ते त्याने गल्ल्यातच ठेवले तर नफा होत नाही. बुद्धीचेही तसेच आहे. हे भांडवल कोठे गुंतवावे, हे बव्हंशी रुची ठरविते. म्हणून समान बुद्धीची दोन भावंडे वीस वर्षांनी अगदी वेगळ्या ठिकाणी पोहोचलेली दिसतात.

१९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट व लॉरेन लेस्ली या दोन अभ्यासकांनी सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काही विद्यार्थी वाचनात हुशार होते, काही कच्चे होते. दोन्ही गटांत काहींना बेसबॉल या खेळाची उत्तम माहिती होती, काहींना नव्हती. सर्वांना एका सामन्याचे वर्णन वाचायला देऊन त्यात काय घडले हे सांगण्यास व मांडून दाखविण्यास सांगितले. वाचनात कच्ची परंतु खेळाची जाणकार असलेली मुले, वाचनात हुशार परंतु खेळ न जाणणाऱ्या मुलांहून सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवून पाहा. धडा वाचताना अडखळणारा मुलगा सामन्याचा अहवाल कसा सहज समजून घेतो, हे आपण रोजच पाहतो. त्याची बुद्धी नाहीशी झालेली नसते. आवडीच्या विषयात तिला आधाराला पूर्वज्ञान सापडते, इतकेच.

मात्र या नात्याची दुसरी बाजूही आहे. जशी रुचीमुळे क्षमता वाढते, तशी क्षमतेमुळेही रुची वाढते. ज्या मुलाला भागाकार जमला, त्याला गणित आवडू लागते. ज्याला चौथीत भागाकार जमला नाही आणि कोणी पुन्हा समजावलाही नाही, तो सातवीत 'मला गणित आवडत नाही' असे म्हणतो. वस्तुतः त्याला गणित नव्हे, अपयश आवडत नसते. म्हणून मुलाने एखादा विषय नावडता असल्याचे सांगितले, तर लगेच त्याचा कल नाही असे समजू नये. आधी त्याचे घोडे कोठे अडले आहे ते शोधावे. पुष्कळदा तेवढा एक अडथळा दूर झाला की नावड आपोआप ओसरते.

सहाबांच्या जीवनातील दोन उदाहरणे

हे नाते आपल्याला सहाबांच्या चरित्रात अतिशय स्पष्ट दिसते. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून सर्वाधिक हदीस उद्धृत आहेत. यामागे काय होते? सहीह बुखारीत आले आहे की त्यांनी एकदा प्रेषितांना (स.) एक प्रश्न विचारला, तेव्हा आपण (स.) म्हणाले की हदीसविषयीची तुझी ओढ पाहून मला वाटलेच होते की हा प्रश्न तुझ्याआधी कोणी विचारणार नाही. शिक्षकाने शिष्याची रुची हेरली होती आणि ती बोलूनही दाखविली होती. इतर सहाबा बाजारपेठेत व शेतीवाडीत गुंतलेले असत, तेव्हा ह. अबू हुरैरा (रजि.) अर्धपोटी राहूनही प्रेषितांच्या (स.) सान्निध्यात थांबत. परंतु विसरण्याची अडचण त्यांनाही होती. त्यांनी ती सांगितली, प्रेषितांनी (स.) चादर पसरण्यास सांगून दुआ दिली आणि अल्लाहने त्यांच्या स्मरणशक्तीत बरकत दिली. ओढ आधीपासून होती, तिला स्मरणाची जोड मिळाली. तेच ह. अबू हुरैरा (रजि.) पुढे सांगत की ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हदीस लिहून ठेवीत, मी लिहीत नसे. एकाच विषयाची आवड असलेल्या दोघांच्या शिकण्याच्या पद्धती भिन्न होत्या आणि दोन्ही मान्य होत्या.

दुसरे उदाहरण ह. जैद बिन साबित (रजि.) यांचे. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा ते सुमारे अकरा वर्षांचे होते. बद्रच्या युद्धात जाण्याची त्यांची इच्छा वयामुळे मान्य झाली नाही. त्यांच्या कबिल्याच्या लोकांनी प्रेषितांना (स.) सांगितले की या मुलाला कुरआनच्या कित्येक सूरती पाठ आहेत. आपण (स.) ऐकले, प्रसन्न झाले आणि त्यांना यहुदींची लिपी शिकण्यास सांगितले. पंधरवडा उलटायच्या आत त्यांनी ती आत्मसात केली. पुढे ते वह्य लिहून घेणाऱ्यांपैकी एक झाले. यमामाच्या युद्धानंतर ह. अबू बकर (रजि.) यांनी कुरआन एकत्रित करण्याचे महान कार्य सोपविताना त्यांचे तारुण्य, बुद्धिमत्ता, विश्वासार्हता आणि लेखनाचा अनुभव यांचा उल्लेख केला. या चरित्रातील पायऱ्या पाहा. मुलाने स्वतः ओढीने पाठांतर केले. घरच्यांनी ते ओळखून योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचविले. गुरूने परीक्षा घेऊन नेमके काम दिले. रणांगणावरून परत पाठविलेला हा मुलगा उम्मतच्या सर्वांत मोठ्या ज्ञानसेवेसाठी तयार झाला. एक दार बंद झाले म्हणून घरच्यांनी त्याला नालायक ठरविले नव्हते.

माणसे खाणींसारखी असतात

प्रेषितांनी (स.) माणसांना सोन्या-चांदीच्या खाणींची उपमा दिली आहे. खाणीतील धातू वरून दिसत नाही, तो खणून काढावा लागतो आणि प्रत्येक खाणीत एकच धातू नसतो. दुसऱ्या एका हदीसमध्ये आपल्याला मिळालेल्या मार्गदर्शनाची व ज्ञानाची तुलना आपण (स.) पावसाशी केली आहे. एक जमीन पाणी शोषून घेते आणि भरपूर चारा व हिरवळ उगवते. दुसरी कठीण जमीन पाणी शोषत नाही, पण साठवून ठेवते व लोक त्यातून पितात, जनावरांना पाजतात, शेती भिजवितात. तिसरी सपाट ओसाड जमीन पाणी धरतही नाही, काही उगवतही नाही.

परभणीच्या वाचकाला ही उपमा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आपली काळी भारी जमीन कापूस, तूर, ज्वारी देते. येलदरीचा जलाशय स्वतः पीक देत नाही, पण त्याच्या पाण्यावर दूरची शेते पिकतात. हदीसच्या भाष्यकारांनी पहिल्या जमिनीत ज्ञानातून नवे अर्थ काढणारे विद्वान पाहिले, तर दुसऱ्या जमिनीत ज्ञान जसेच्या तसे जपून इतरांपर्यंत नेणारे लोक पाहिले. दोघेही प्रशंसनीय आहेत. निंदा फक्त त्याची आहे ज्याने ज्ञानाकडे मान वर करून पाहिलेच नाही. एखादे लेकरू पाठांतरात तरबेज असते, एखादे प्रश्न विचारण्यात, एखादे हातांनी वस्तू घडविण्यात. यात उंच-नीच शोधण्यापेक्षा पाणी वाया जात नाही ना, हे पाहावे.

सहाबांमध्येही ही विविधता होती. वारसा-वाटपाच्या ज्ञानात ह. जैद (रजि.), कुरआन पठणात ह. उबई बिन कअब (रजि.), हलाल-हरामच्या जाणिवेत ह. मुआज बिन जबल (रजि.) हे अग्रणी असल्याचे स्वतः प्रेषितांनी (स.) सांगितले. ह. हस्सान (रजि.) यांच्याकडून काव्याची, तर ह. खालिद (रजि.) यांच्याकडून सेनानेतृत्वाची सेवा घेतली गेली. कोणालाही दुसऱ्याची प्रत बनण्यास सांगितले गेले नाही.

सर्वांनी एकाच वाटेने जावे काय?

येथे इस्लामी विद्वानांनी केलेला एक भेद उपयोगी पडतो. काही ज्ञान फर्जे ऐन आहे, म्हणजे प्रत्येक मुसलमान स्त्री-पुरुषावर अनिवार्य आहे. श्रद्धा, पाकी, नमाज, रोजा, हलाल-हरामची जाण हे ज्ञान कोणाच्या आवडीवर सोडलेले नाही. दुसरे फर्जे किफाया आहे. समाजातील काहींनी ते मिळविले तर सर्वांची जबाबदारी पार पडते, कोणीच मिळविले नाही तर सारा समाज दोषी ठरतो. इमाम गजाली (१०५८–११११) यांनी या प्रकारात वैद्यक व गणिताबरोबरच शेती, विणकाम व शिवणकाम यांचाही समावेश केला आहे.

इमाम गजालींची एक तक्रार आजही वाचण्याजोगी आहे. त्यांच्या काळात लोक फिकहच्या, विशेषतः वादविवादाच्या शिक्षणासाठी गर्दी करीत, कारण त्यातून न्यायाधीशपद व मानमरातब मिळे. मात्र अनेक नगरांत मुस्लिम वैद्य सापडत नसे. आज नऊशे वर्षांनंतर चित्र उलटे झाले आहे, रोग मात्र तोच आहे. आता सारी गर्दी वैद्यकीय प्रवेश परीक्षेकडे आहे. समाजाला डॉक्टर हवेत, यात वाद नाही आणि ज्या मुलामुलींची ओढ व कुवत तिकडे आहे, त्यांनी अवश्य जावे. परंतु समाजाला उत्तम शिक्षक, वकील, कृषितज्ज्ञ, लेखापाल, पत्रकार, अनुवादक आणि कुशल कारागीरही हवेत. फर्जे किफाया अनेक असतील, तर त्या पार पाडणाऱ्यांच्या रुचीही अनेकच असणार. अल्लाहने रुचींत जी विविधता ठेवली आहे, तिच्यात ही हिकमत दिसते. प्रेषितांनी (स.) सांगितलेच आहे की कर्म करीत राहा, ज्याला ज्यासाठी निर्माण केले आहे, ते त्याच्यासाठी सुलभ केले जाते.

आपल्याच परिसराकडे पाहा. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, जे आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. तेथे पिकांचा, मातीचा, अन्नतंत्रज्ञानाचा अभ्यास होतो आणि बालकांच्या विकासाचे शास्त्रही शिकविले जाते. झाडांची, मातीची, जनावरांची आवड असलेल्या किती मुस्लिम मुलामुलींना आपण या दारापर्यंत नेले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आपल्या मराठवाड्याचा अनुभव

रुची व बुद्धी एकत्र आल्या म्हणजे काय होते, याची साक्ष आपल्या भूमीतही आहे. सातोना येथे १९१३ साली जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी निजामी राजवटीत बांधकाम खात्यात कारकून होते. मॅट्रिकनंतर महाविद्यालयाची वाट त्यांना मिळाली नाही. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, तरी त्यांची ओढ मराठी लेखनाची होती. कारकुनी सांभाळून त्यांनी कविता, कथा व कादंबऱ्या लिहिल्या आणि बी. रघुनाथ या नावाने मराठी साहित्यात परभणीला स्थान मिळवून दिले. १९५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते वारले.

निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांचे उदाहरण भाषेच्या संदर्भात बोधप्रद आहे. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबाद भागात त्यांचा गोंड लोकांशी संबंध आला, तर ते गोंडी भाषा शिकले. उर्दू व फारसीवर त्यांनी प्रभुत्व मिळविले, त्या भाषांतील इतिहासाची साधने मराठीत आणली आणि सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला. नोकरीवर अनेक जण त्याच भागांत जात असत, परंतु ओढ असल्यामुळे त्यांच्यासाठी प्रत्येक बदली ही एक शाळा ठरली. घरी दखनी किंवा उर्दू, शाळेत मराठी आणि मकतबमध्ये अरबी ऐकणाऱ्या आपल्या मुलांजवळ तर हे भांडवल जन्मापासूनच असते. आपण मात्र त्याला 'भाषेचा गोंधळ' म्हणून कमी लेखतो.

शासनालाही या प्रश्नाचे महत्त्व जाणवले. महाराष्ट्राच्या शिक्षण मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली. तिच्यात कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांतील ओढ तपासली जाई. पुढे तिला अभिक्षमता चाचणीची जोड देण्यात आली. कल म्हणजे रुची आणि अभिक्षमता म्हणजे बुद्धीची विशिष्ट कुवत. एकट्या कलाच्या आधारे सल्ला अपुरा राहतो, दोन्हींचा मेळ पाहावा लागतो, हेच या क्रमातून दिसून येते. परंतु काही तासांची चाचणी फक्त दिशा सुचवू शकते. सोळा वर्षे लेकराला जवळून पाहिलेल्या आईवडिलांच्या निरीक्षणाची जागा ती घेऊ शकत नाही. अट एवढीच की आईवडिलांनी खरोखर पाहिलेले असावे.

रुची कशी वाढते आणि कशी मरते

रुची जन्मतः पूर्ण तयार होऊन येते, हा समज चुकीचा आहे. सुझान हिडी व अ‍ॅन रेनिंजर या अभ्यासिकांनी २००६ साली रुचीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. प्रथम एखाद्या गोष्टीने कुतूहल जागे होते. नंतर अनुकूल वातावरणात ते टिकते. मग मूल स्वतःहून त्या विषयाकडे वळू लागते. अखेरीस ती रुची त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग बनते आणि अडचणी आल्या तरी सुटत नाही. पहिल्या दोन टप्प्यांत तिला इतरांच्या आधाराची फार गरज असते. कोवळ्या रोपाला कुंपण लागते, तसेच हे आहे.

ही रुची मारणाऱ्या तीन गोष्टी आपल्या घरांत सर्रास आढळतात.

पहिली गोष्ट म्हणजे तुलना व अपमान. 'तुझा चुलतभाऊ बघ' हे वाक्य मुलाला चुलतभावाप्रमाणे बनवीत नाही, ते त्याला स्वतःपासून तोडते. 'मठ्ठ', 'ढ' असे शब्द तर मुलाच्या मनात घर करतात. हिफ्जच्या वर्गात अडखळणाऱ्या मुलाला मारहाण करणाऱ्यांनी ती हदीस आठवावी, जिच्यात अडखळत, कष्टाने कुरआन पठण करणाऱ्यासाठी दुप्पट मोबदला सांगितला आहे. अल्लाह ज्याच्या अडखळण्यावर मोबदला देतो, त्याला आपण शिक्षा द्यावी? इब्ने खल्दून यांनीही आपल्या मुकद्दमा ग्रंथात इशारा दिला आहे की कठोरतेमुळे मुलाचा उत्साह मावळतो आणि तो खोटेपणा व कपट शिकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अतिरेक. ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) दर गुरुवारी लोकांना उपदेश करीत. रोज उपदेश करावा अशी विनंती झाली, तेव्हा त्यांनी नकार दिला. लोक कंटाळू नयेत म्हणून प्रेषितही (स.) वेळ पाहूनच उपदेश करीत, असे त्यांनी सांगितले. पहाटे मकतब, दिवसा शाळा, संध्याकाळी दोन शिकवण्या आणि रात्री गृहपाठ अशा रगाड्यात मुलाला कुतूहलासाठी श्वास कोठे मिळणार?

तिसरी गोष्ट म्हणजे आमिष. १९७३ साली अमेरिकेतील एका बालशाळेत असा प्रयोग झाला. ज्या मुलांना चित्रे काढण्याची आधीपासून आवड होती, त्यांतील काहींना बक्षिसाचे वचन देऊन चित्रे काढवून घेतली. काही दिवसांनी त्याच मुलांनी मोकळ्या वेळेत चित्रे काढणे कमी केल्याचे दिसले. आनंदाने होणारे काम मोबदल्याचे काम झाले होते. 'नव्वद टक्के आण, मोबाइल घेऊन देतो' असे म्हणताना आपण अभ्यास ही सोसायची गोष्ट आहे आणि मोबाइल ही मिळवायची गोष्ट आहे, असाच धडा देत असतो. याचा अर्थ कौतुक करू नये असा नाही. प्रयत्नांचे कौतुक करावे, अनपेक्षित भेट द्यावी, परंतु ज्ञानाची बोली लावू नये.

रुचीची मर्यादा

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रुचीचा आदर म्हणजे मनाच्या प्रत्येक लहरीपुढे मान तुकविणे नव्हे. इस्लाम इच्छा-वासनेला लगाम घालण्यास शिकवितो. मोबाइलवर तासन्‌तास चित्रफिती पाहण्याची ओढ ही रुची नव्हे. खऱ्या रुचीची ओळख अशी की ती माणसाकडून कष्ट करून घेते. जो मुलगा जुनी मोटारसायकल उघडून दोन तास तिच्याशी झटतो, त्याला रुची आहे. त्या रुचीला शिक्षणाची, म्हणजे आयटीआयच्या किंवा तंत्रनिकेतनच्या अभ्यासक्रमाची जोड दिली तर तो कुशल तंत्रज्ञ होईल. नववीतून नाव काढून गॅरेजवर पाठविले, तर तीच रुची त्याला मजुरीपलीकडे नेणार नाही. 'त्याला तेच आवडते' हे शाळा सोडविण्याचे कारण होऊ शकत नाही. रुची ओळखणे ही सुरुवात आहे, तिला विद्येने समृद्ध करणे हे कर्तव्य आहे.

तसेच न आवडणारे परंतु आवश्यक विषय टाळताही येत नाहीत. तेथे प्रेषितांची (स.) ही शिकवण उपयोगी पडते की अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी सातत्याने केले जाते. नावडत्या विषयासाठी रोज अर्धा तास नियमाने द्यावा, आवडीच्या विषयाला मोकळेपणाने वेळ द्यावा.

आणि मुलींच्या बाबतीत? त्यांच्या ठायीही अल्लाहने बुद्धी व ओढ ठेवली आहे. ह. शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांनी उम्मुल मोमिनीन ह. हफ्सा (रजि.) यांना लेखन शिकविले होते आणि प्रेषितांनी (स.) त्यांना आणखी शिकविण्यास सांगितले. उम्मुल मोमिनीन ह. आएशा (रजि.) यांच्याकडे मोठमोठे सहाबा प्रश्न घेऊन येत. मुलीची रुची न विचारता तिचे शिक्षण थांबविणे म्हणजे एका अमानतीची खाण न खणताच बुजविणे होय.

आपल्या घरासाठी काही कामे

१. महिनाभर निरीक्षण करा. मूल सांगितल्याशिवाय काय करते, कशाविषयी प्रश्न विचारते, कोणत्या कामात वेळेचे भान विसरते, हे एका वहीत टिपून ठेवा.

२. नावडत्या विषयात ते नेमके कोठून मागे पडले, हे शिक्षकांना भेटून शोधा. आवश्यक असल्यास दोन-तीन इयत्ता मागे जाऊन पुन्हा शिकवा.

३. आवडीच्या धाग्याने नावडता विषय जोडा. दुकानात रमणाऱ्याला हिशेबातून शेकडेवारी, स्वयंपाकात रमणाऱ्या मुलीला वजन-मापातून अपूर्णांक, क्रिकेट आवडणाऱ्याला धावांच्या सरासरीतून गणित शिकविता येते. जकातीचा अडीच टक्क्यांचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. त्यातून दीनही शिकता येईल, गणितही.

४. मुलांना वेगवेगळी कामे जवळून पाहू द्या. वाचनालय, कृषी विद्यापीठ, न्यायालय, छापखाना, कार्यशाळा त्यांना दाखवा. जे पाहिलेच नाही, त्याची ओढ लागणार कशी?

५. निर्णयात मुलाला सामील करून घ्या. आपल्या पुत्राविषयी अल्लाहचा आदेश पाळण्यापूर्वी ह. इब्राहीम (अलै.) यांनी त्याचे मत विचारले होते. मग शाखा निवडताना आपण का विचारू नये? मसलत झाल्यावर इस्तिखारा करा आणि अल्लाहवर भरवसा ठेवा.

समारोप

वाचकहो, कयामतच्या दिवशी माणसाला आयुष्य कशात घालविले आणि ज्ञानाचे काय केले, हे विचारले जाईल. त्या दिवशी कोणाला चुलतभावाच्या गुणपत्रिकेविषयी प्रश्न होणार नाही, स्वतःला मिळालेल्या देणगीविषयी होईल. आणि प्रत्येक पालक हा राखणदार आहे, त्याला त्याच्या रयतेविषयी विचारले जाईल. म्हणून येत्या निकालाच्या दिवशी टक्के पाहण्यापूर्वी लेकराला जवळ बसवून विचारा, 'बाळा, तुला काय शिकताना आनंद होतो? आणि कोठे अडते?' पहिल्या उत्तरात रुची सापडेल, दुसऱ्यात बुद्धीला हवा असलेला आधार सापडेल.

खुद्द प्रेषितांना (स.) ज्ञानात वाढ मागण्याची दुआ शिकविली गेली, तर आपण व आपली मुले त्या दुआपासून कसे दूर राहावे? अल्लाह आपल्या संततीची मने लाभदायक ज्ञानाकडे वळवो, त्यांच्या बुद्धीत बरकत देवो आणि आपल्याला त्यांच्यातील ठेवा ओळखण्याची दृष्टी देवो. आमीन.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या प्रत्येक अपत्याची एक रुची व एक सामर्थ्य आपण लगेच सांगू शकतो काय?

२. एखाद्या विषयाची नावड आणि त्या विषयातील अपयश यांत आपण फरक करतो काय?

३. आपल्या मोहल्ल्यात कोणती फर्जे किफाया कामे करणारे कोणीच नाही आणि त्यांची ओढ असलेले मूल आपल्याच घरात तर नाही ना?